विमानतळाच्या खालचं पाणी

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नवी मुंबई विमानतळावर दोन पानं आली होती ती मी दोनदा वाचली, एकदा सकाळी चहाबरोबर आणि परत दुपारी जेवण झाल्यावर, कारण मला वाटलं माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं असेल. कमळाची रचना, ३७०० मीटरची धावपट्टी, ११६० हेक्टर जागा, पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवासी, सगळं होतं. पाण्याबद्दल एक ओळ नव्हती. खाडीच्या अंगाला, खाजणावर म्हणजे भरतीचं पाणी पसरतं त्या दलदलीवर भराव घालून उभा राहिलेला हा विमानतळ, उलव्याची टेकडी फोडून तिचा दगड खाली ओतलेला, उलवे नदीचं पात्र वळवलेलं, आणि २५ डिसेंबर २०२५ ला विमानं सुरू झाल्यानंतरचा पहिला पावसाळा आता तोंडावर आलाय. अशा वेळी पाण्याला एक ओळ मिळू नये याचं फार वाईट वाटलं, म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापा, पण पाण्याचा भाग कापू नका ही विनंती.

मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला. २६ वर्षं तेलाच्या टँकरवर पंपमन होतो. पंपमन म्हणजे काय हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, टँकरमधलं तेल किनाऱ्यावर उपसून द्यायचं, टाकीच्या तळाशी राहिलेलं स्ट्रिपिंग करून काढायचं, व्हॉल्व बघायचे, पॅकिंग बदलायचं, पंपरूममधे वास आला की कुठून आला ते शोधायचं. आमच्याकडची खूप पोरं जहाजावर जातात पण पंपमन कमीच. त्यामुळे कुठेही गेलो तरी माझी नजर आधी पाणी कुठून येतंय आणि कुठे जातंय तिकडेच जाते, हा कामाचा संस्कार आहे आणि त्याच्या आधी खारेपाटात जन्माला आल्याचा.

रॉटरडॅमला शिप पकडायची असली की कंपनी आम्हाला ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर उतरवायची. त्याचं नाव स्किपोल, तिथली माणसं 'स्खिपोल' म्हणतात, ख अगदी घशातून खरवडून काढतात. पहिल्यांदा उतरलो तेव्हा जानेवारी होता, सकाळचे आठ वाजले तरी अंधार. एजंटचा ड्रायव्हर नावाची पाटी घेऊन उभा होता, वयस्कर माणूस, आम्ही चौघे त्याच्या गाडीत बसलो. थोडं पुढे गेलो तर डोक्यावरच्या पुलावरून एक विमान सावकाश चाललेलं, खाली मोटारींचा हायवे आणि वर विमान, आम्ही सगळे खिडकीला नाक लावून बघत होतो. पण मला खरा धक्का बसला तो पुढे. डाव्या हाताला गवताचा एक लांबच लांब बांध आला आणि त्या बांधाच्या वर, म्हणजे आमच्या गाडीच्या टपाच्याही वर, एक मालाचा पडाव, म्हणजे चपटी बोट, चालला होता. पाणी वर आणि रस्ता खाली. मी ड्रायव्हरला मोडक्या इंग्लिशमधे विचारलं हे काय, तर तो म्हणाला तुम्ही आता तळ्याच्या तळाशी आहात, विमानसुद्धा तळाशीच उतरलं तुमचं.

मला वाटलं गंमत करतोय. पण ते अक्षरशः खरं आहे. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या विमानतळांपैकी हा एक, २०१९ साली ७ कोटी १७ लाख लोक इथून गेले-आले, २०२४ ला ६ कोटी ६८ लाख, आणि हा अख्खा विमानतळ समुद्रसपाटीच्या साधारण ३ मीटर खाली आहे. एक मजला खाली समजा. तिथे पंप बंद ठेवून चालतच नाही, कारण पावसाचं पाणी आणि जमिनीतून वर येणारं पाणी आपोआप कुठे जाऊच शकत नाही, ते चरांमधून गोळा करून पंपाने वरच्या कालव्यात चढवायचं आणि तिथून पुढे समुद्राकडे सोडायचं. हे रात्रंदिवस चालू असतं. बोर्डिंग पास घेऊन उभ्या असलेल्या माणसाला याचा पत्तासुद्धा लागत नाही.

इथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचं तळं होतं. मेर म्हणजे तळं. तळं कसलं, जवळजवळ १८ हजार हेक्टरचा समुद्रच तो, आधी तीन-चार वेगळी तळी होती पण वाऱ्याने लाटा उठून काठ खात खात ती एकमेकांत मिसळली, गावं गिळली. आमच्याकडे खाडी काठ खाते ना, तसंच. १८३६ च्या नोव्हेंबरात वादळ झालं तेव्हा तळ्याचं पाणी ॲमस्टरडॅमच्या वेशीपर्यंत गेलं, आणि महिना झाला नाही तोच नाताळात वारा फिरला आणि तेच पाणी उलट्या बाजूच्या लायडन शहरावर चालून गेलं. त्यानंतर राजाने समिती नेमली आणि १८३९ मधे ठरलं की तळं आटवायचं. कल्पना जुनीच होती, दोनशे वर्षं आधी लेखवाटर नावाच्या माणसाने १६० पवनचक्क्या लावून आटवायचा आराखडा मांडला होता, पण तेवढ्या मोठ्या कामाला तेव्हा कोणी हात घातला नाही. आता वाफेचं इंजिन आलं होतं.

आधी त्यांनी तळ्याच्या भोवती बांध घातला आणि बांधाच्या बाहेरून साठेक किलोमीटरचा कालवा खणला, हजारो मजुरांनी फावड्याने खणला. याच कालव्यात मी तो पडाव बघितला होता. मग तीन पंपघरं बांधली आणि त्यातल्या एकाला त्या लेखवाटरचं नाव दिलं, बाकीची दोन क्रूकियुस आणि लाइंडन. १८४९ ला एक-एक करून पंप जोरात सुरू झाले आणि १८५२ च्या जुलैत तळं कोरडं. तीन वर्षांवर थोडे महिने. साधारण ८० कोटी घनमीटर पाणी उपसलं असा हिशोब आहे.

यातलं क्रूकियुसचं पंपघर आता म्युझियम आहे. एकदा आमची शिप ॲमस्टरडॅमला दुरुस्तीला लागली होती, रविवारची सुट्टी मिळाली, बाकीची पोरं शहर बघायला गेली आणि मी बस विचारत विचारत तिकडे गेलो. साहेब, मी आयुष्यात पुष्कळ पंप बघितलेत, पण तसा नाही. गोल बुरुजासारखी विटांची इमारत, तिच्या खिडक्यांतून चारी अंगाला लोखंडी तुळया बाहेर आलेल्या, आठ तुळया, प्रत्येक तुळईच्या टोकाला खाली एक पंप लटकलेला. मधे एकात एक असे दोन सिलिंडर, बाहेरच्याचा व्यास १४४ इंच म्हणजे बारा फूट. इंग्लंडच्या कॉर्नवॉलमधे ओतलेला. वाफ आत आली की मधला प्रचंड वजनाचा भाग वर जायचा, वाफ सोडली की तो खाली यायचा आणि आठही तुळया एकदम पाणी उचलायच्या. एका खेपेला ६४ हजार लिटर. आता वाफ नाही, तेलाच्या दाबावर फिरवून दाखवतात, पण तुळई खाली जाते तेव्हा पायाखालची फरशी कळते. तिथे काम करणारा एक म्हातारा स्वयंसेवक होता, त्याला मी खुणेने सांगितलं की मी पंपमन, तर त्याने मला आतल्या बाजूला नेऊन पंपाच्या दट्ट्याचं चामडं कुठे बसायचं ते हाताने दाखवलं. मी त्या पितळी बोल्टावरून बोट फिरवलं आणि मला माझे वडील आठवले, उघाडीच्या फळीला चामड्याची पट्टी ठोकताना.

खारेपाटाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमची भातशेती खाडीच्या भरतीच्या पातळीपेक्षा खालीच आहे. कोणे एके काळी खाजण होतं, पूर्वजांनी मातीचा बांध घालून समुद्राकडून घेतलेली जमीन. सगळ्यात बाहेरचा तो बाहेरकाठा. बांधात जागोजाग उघाड्या, म्हणजे लाकडी झडपांची दारं, भरतीचं पाणी बाहेरून दाबतं तेव्हा आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतलं पावसाचं पाणी त्यांना ढकलून खाडीत जातं. वीज नाही, डिझेल नाही, चंद्राच्या जोरावर चालणारा पंपच म्हणा. पण फळी कुजते, झडपेत ओंडका अडकतो, चिंबोऱ्या बांधाला भोकं पाडतात. वडील उधाणाच्या दिवसांत बांधावरून चालायचे आणि भोक दिसलं की टाचेने चिखल दाबून बुजवायचे, टाच फिरवून फिरवून, मग वर पेंढा. मला सांगायचे, "आज अमावास्येचा उधाण हाय, उघाडी बगून ये." ज्याची बांधाखाली जेवढी जमीन तेवढी त्याची बांधावरची माणसं, हा गावचा हिशोब होता, वहीत नव्हता पण कोणी चुकवत नव्हतं. आणि खांड गेली, म्हणजे बांध फुटला, तर रात्री गॅसबत्त्या घेऊन अख्खा गाव चिखलात.

आता तिकडचं बघा. स्किपोलचा विमानतळ असलेला सगळा मुलुख राइनलंड नावाच्या पाणी-मंडळाच्या ताब्यात येतो. हे मंडळ विमानतळाच्या आधीचं, त्या तळं आटवण्याच्या आधीचं, १३व्या शतकापासून चालत आलेलं आहे. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते तेव्हापासून. त्याच्या प्रमुखाला ते डायकग्राफ म्हणतात, आपल्या भाषेत बांधाचा पाटील. या मंडळाची दर चार वर्षांनी वेगळी निवडणूक होते, लोक मतदान करतात, आणि पाण्यासाठी वेगळा कर आहे जो प्रत्येक घर भरतं, शेतकरी भरतो, कंपन्याही भरतात. तो पैसा बांध, कालवे, पंप आणि सांडपाणी शुद्ध करण्यासाठीच. मला त्या म्हाताऱ्या स्वयंसेवकाने हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं हे तर आमचंच आहे की, फक्त तुम्ही ते मोडू दिलं नाही.

अजून एक गोष्ट कळली ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि याचसाठी खरं तर मी पत्र लिहायला बसलो. तळं आटवायचं ठरलं तेव्हा राइनलंडच्या मंडळाने विचारलं की ते तळं तर आमची पाणी साठवायची जागा आहे, आजूबाजूच्या सगळ्या शेतांतलं पाणी आम्ही आधी त्यात सोडतो आणि ओहोटी आली, वारा पडला की समुद्रात काढतो, तुम्ही तळंच काढून घेतलंत तर आमचं पाणी राहणार कुठे? प्रश्न बरोबर होता. म्हणून तळं आटवताना त्याच्याच जोडीने स्पार्नडाम आणि हाल्फवेख या ठिकाणी वेगळी वाफेची पंपघरं बांधली, जेणेकरून तळ्यात मावणारं पाणी आता थेट बाहेर टाकता येईल. हाल्फवेखचं तर अजून वाफेवर चालवून दाखवतात. म्हणजे जिने जागा घेतली त्या योजनेनेच पाण्याला दुसरी वाट करून दिली.

संपादक साहेब, पनवेलच्या खाजणांत भरतीचं आणि डोंगरावरून येणाऱ्या पावसाचं पाणी पूर्वी पसरून राहायचं. आता तिथे भराव आहे. ते पाणी आता कुठे पसरतं, कोणत्या गावाच्या अंगावर किती चढतं, ओहोटी नसताना मोठा पाऊस झाला तर त्याला किती तास थांबायला जागा ठेवली आहे, एवढंच मला वाचायचं होतं. असं नाही की तिथल्या इंजिनियर लोकांनी विचार केला नसेल, नक्की केला असेल, एवढं मोठं काम त्याशिवाय होत नाही. पण तो विचार लोकांना सांगितला पाहिजे, आकड्यांत सांगितला पाहिजे, धावपट्टी किती मीटर हे सांगता तसं धारण तलाव, म्हणजे पाणी थांबवून ठेवायचे तलाव, किती, पंप किती, झडपा किती आणि त्या शेवटच्या कधी उघडून बघितल्या. नवी मुंबई शहरात वाशी-बेलापूरकडे धारण तलाव आहेतच, ते डच पद्धतीवरच बांधलेले, आणि त्यांतले काही गाळाने आणि कांदळांनी, म्हणजे खारफुटीने, भरत चालल्याच्या बातम्या आपणच छापता. पद्धत आणली पण पद्धतीच्या मागचा बांधाचा पाटील आणला नाही.

स्किपोलचा बाकीचा इतिहास थोडक्यात सांगतो कारण तोही मोठा आहे. जमीन कोरडी झाल्यावर तिथे पहिल्यांदा गेलेल्या शेतकऱ्यांचे फार हाल झाले, रस्ते नाहीत, प्यायला चांगलं पाणी नाही, तापाने आणि कॉलऱ्याने माणसं गेली. नाव कशावरून पडलं याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, लोक सांगतात की तळ्याच्या त्या कोपऱ्यात वादळात जहाजं बुडायची म्हणून जहाजांचा नरक, पण काही म्हणतात की त्याचा जहाजाशी संबंधच नाही, सखल लाकूडफाट्याच्या जागेचं ते जुनं नाव. तिथे एक किल्ला होता त्याचं नाव स्किपोल, आणि त्याच्याजवळच्या शेतात १९१६ च्या सप्टेंबरात पहिलं लष्करी विमान उतरलं. नुसता चिखल. तळ्याचा तळ, चिकणमाती, पावसात विमानं रुतायची. १७ मे १९२० ला लंडनहून केएलएम या डच विमान कंपनीचं पहिलं विमान इथे आलं त्यात दोन पत्रकार होते आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता, हे मी मुद्दाम आपल्यासाठी लिहितोय, त्या विमानतळाचं पहिलं प्रवासी विमान पेपरवाल्यांना घेऊन आलं. १९२६ ला ॲमस्टरडॅम महापालिकेने ताबा घेतला, १९२८ च्या ऑलिम्पिकच्या वेळी नवी इमारत झाली. १० मे १९४० ला जर्मनांनी बॉम्ब टाकले, मग जर्मन तिथे बसले म्हणून दोस्तांनी बॉम्ब टाकले, १९४५ ला युद्ध संपलं तेव्हा काही शिल्लक नव्हतं आणि त्याच उन्हाळ्यात परत विमानं उतरायला लागली. आत्ताची टर्मिनलची जागा १९६७ ची, राणी युलियानाने उद्घाटन केलेली.

त्या टर्मिनलची एक गोष्ट मला फार आवडते. सगळं एकाच छताखाली आहे. आमच्यासारखा माणूस, पाठीवर बॅग, हातात सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, इंग्लिश जेमतेम, तो तिथे हरवत नाही. पिवळ्या पाट्या, मोठी काळी अक्षरं, बाण. जगातल्या कितीतरी विमानतळांनी ही पिवळ्या पाट्यांची पद्धत नंतर उचलली. आणि टर्मिनलच्या खालीच रेल्वे स्टेशन. बॅग घेतली, जिन्याने खाली उतरलं की ट्रेन, ॲमस्टरडॅम पंधरा-वीस मिनिटांत. आमच्या अलिबागच्या माणसाला नव्या विमानतळावर जायचं तर वडखळच्या ट्रॅफिकमधे किती वेळ जाईल हे कोणी सांगू शकत नाही, तो विषय वेगळा आहे, त्यावर आपण पुष्कळ छापलंय.

आता शेतकऱ्यांची गोष्ट. तिथे सहा धावपट्ट्या आहेत, त्यातली सगळ्यात नवी पोल्डरबान २००३ ला सुरू झाली, ३८०० मीटरची, टर्मिनलपासून इतकी लांब की विमान उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं नुसतं जमिनीवरून चालत राहतं, आम्हाला वाटायचं आता रस्त्यानेच रॉटरडॅमला नेतात की काय. ती सुरू झाली आणि शेजारच्या होफडॉर्प गावातल्या लोकांना जमिनीलगत येणारा घुमणारा आवाज छळायला लागला, खिडकी बंद केली तरी भिंतीतून येणारा. भिंती उभारून तो आवाज अडत नव्हता. मग लक्षात आलं की शरदात शेतं नांगरल्यावर आवाज कमी होतो. नांगराच्या सऱ्या-वरंब्यांनी आवाज विस्कटतो. तेवढ्या एका निरीक्षणावरून त्यांनी धावपट्टीच्या बाजूला माणसाहून उंच वरंब्यांचं एक मोठं उद्यानच केलं, २०१३ मधे, बाउटेनस्खोट नावाचं, आत लोक फिरायला जातात. तसंच पक्ष्यांचं. गहू काढल्यावर शेतात पडलेले दाणे खायला रानहंसांचे थवे येतात, २०१० ला एका विमानाच्या इंजिनात हंस गेले होते आणि ते कसंबसं परत उतरलं. म्हणून आजूबाजूच्या शेतकऱ्यांना पैसे देतात की कापणी झाली की लगेच नांगरा, दाणे मातीखाली जाऊ द्या. म्हणजे विमान सुरक्षित उडावं म्हणून शेतकऱ्याची गरज लागते हे तिथे मान्य केलेलं आहे आणि त्याचे पैसे दिले जातात.

सगळं तिथे गोडच आहे असं मी म्हणत नाही. आवाजावरून तिथले रहिवासी वर्षानुवर्षं भांडतायत, वर्षाला पाच लाख विमानांची मर्यादा घातली ती आणखी खाली आणायचा सरकारने प्रयत्न केला तर विमान कंपन्या कोर्टात गेल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात माणसं कमी पडली म्हणून सिक्युरिटीच्या रांगा इमारतीच्या बाहेर गेल्या होत्या, माझ्या ओळखीच्या पोराची कनेक्टिंग फ्लाइट त्यात चुकली. चुका तिथेही होतात. पण पाण्याच्या बाबतीत ते कधी गाफील राहिल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आणि इथे माझं स्वतःचं सांगतो. काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या उधाणाला आमच्या बाहेरकाठ्याला खांड गेली. सुरुवात एका उघाडीपासून झाली, तिची फळी दोन वर्षं मोडलेली होती, गावाने संबंधित खात्याला तीन अर्ज दिले होते, पोच आमच्याकडे आहे. आधी गावकीने स्वतःच बसवली असती पण आता बांध सरकारी म्हटल्यावर हात कोण लावणार, आणि तरुण पोरं निम्मी मुंबईला, निम्मी शिपवर. मी तेव्हा सिंगापूरच्या बाहेर अँकरवर होतो. मोठ्या भावाचा फोन आला, म्हणाला खारं पाणी घरामागच्या जिताडा माशांच्या तळ्यापर्यंत आलंय. मी पंपरूममधून वर येऊन डेकवर उभा होतो, त्याच दिवशी आम्ही तासाला हजार टनांच्या वर तेल उपसलं होतं, आणि माझ्या अडीच एकरांतलं पाणी काढायला मी तिथे नव्हतो. ती रात्र मला झोप लागली नाही. पहिल्या वर्षी भात गेलं, दुसऱ्या वर्षी आम्ही खारा राता हे खाऱ्या जमिनीतलं भात पेरलं तेही पिवळं पडलं, तिसऱ्या वर्षी खांड तशीच होती म्हणून पेरलंच नाही, आणि आता तिथे माझ्या छातीएवढी कांदळं आहेत. कांदळ वाईट नाही, समुद्रासमोर कांदळ पाहिजेच, पण बांधाच्या बाहेर पाहिजे. आत ते आलं म्हणजे शेत गेलं, आणि नियमाने आता ते तोडताही येत नाही. माझ्यासारखी कितीतरी खातेदारांची गत आहे, सातबारावर भातशेती आणि जागेवर खाडी.

१९४८ पासून खारभूमीचा कायदा आहे, १९७९ ला नवीन आला, पनवेलला खारभूमीचं संशोधन केंद्र आहे, त्यांनी खाऱ्या जमिनीत येणारी भाताची वाणंही काढली. ज्ञान कमी नाही. रोज बांधावरून चालणारा माणूस कमी आहे. म्हणून माझं मागणं असं आहे की विमानतळाच्या आणि त्याच्या भोवती होणाऱ्या शहराच्या उत्पन्नातला एक ठरलेला हिस्सा खाडीकाठच्या बांधांसाठी आणि उघाड्यांसाठी वेगळा काढावा, आणि तो खर्च करणाऱ्या मंडळावर बांधाखालच्या खातेदारांनी निवडून दिलेली माणसं असावीत, ज्यांचं भात त्या उघाडीवर अवलंबून आहे अशी. प्रत्येक उघाडीला नंबर द्यावा, पावसाळ्याच्या आधी तिची तपासणी कधी झाली ते ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावं. आम्ही शिपवर प्रत्येक पंपाची तपासणीची तारीख लॉगबुकात लिहायचो, सही करायचो, आणि सही खोटी निघाली तर नोकरी जायची. उघाडीचं लॉगबुक ठेवायला काहीही अवघड नाही, एक शंभर पानी वही पुरते.

आपल्या पेपरात दरवर्षी साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांच्या तारखा छापून येतात, मुंबईकरांसाठी. त्या तारखांना आमच्याकडे काय होतं हे बघायला या वर्षी आपला वार्ताहर पाठवा. आधी पनवेलच्या खाडीवर भरतीच्या वेळी पाणी कुठपर्यंत येतं ते बघू, मग ओहोटी लागली की मी त्यांना आमच्या बाहेरकाठ्यावरून नेतो, जिथपर्यंत बांध शिल्लक आहे तिथपर्यंत, साधारण दीड तासाची चाल आहे. गमबूट आमच्याकडे दोन जोड आहेत, आठ नंबर आणि नऊ नंबर. दुपारचं जेवण आमच्या घरी.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त पंपमन,
खारेपाट, ता. अलिबाग, जि. रायगड